थंडीत गच्चीवर फुलं भरपूर, मधमाशी एकही नाही: नागपुरात दरवर्षी येणारी अडचण

डिसेंबर उजाडला की बागवाल्यांचा ठरलेला प्रश्न येतो. कुंड्या फुलांनी लगडल्या आहेत, पेटुनिया आहे, शेवंती आहे, झेंडू आहे, मग मधमाशा काहून येत नाहीत? फेब्रुवारीत याच प्रश्नाचं दुसरं टोक हाती येतं. काकडीला आणि कोहळ्याला (म्हणजे लाल भोपळ्याला) बोटाएवढी फळं धरतात, पिवळी पडतात आणि गळून जातात. या दोन तक्रारी बहुतेक वेळा एकच असतात. डिसेंबर-जानेवारीत माशांना तुमच्याकडे काही खायला मिळालं नसेल, तर फेब्रुवारीत तुमची काकडी फुलली म्हणून त्या वाट वाकडी करून येणार नाहीत.

खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने तपासा. पहिल्या गोष्टीला पैसा लागत नाही.

आधी घड्याळ बघा

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. सकाळी सातला चहाचा कप घेऊन गच्चीवर जाणाऱ्याला माशी दिसणार कशी? नागपुरात थंडीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास असतो, कधी त्याहून बराच खाली उतरतो. २९ डिसेंबर २०१८ ला तर तो ३.५ अंशांवर गेला होता. हवा साधारण बारा-तेरा अंशांच्या वर गेल्याशिवाय मधमाशी चाऱ्यासाठी फारशी बाहेर पडत नाही. म्हणून थंडीत निरभ्र दिवशी, साडेदहा ते दोन या वेळात जाऊन बघा. ढगाळ दिवस हिशेबात धरूच नका.

बाल्कनी उत्तरेकडची असेल तर थंडीत तिथे ऊन जवळजवळ येतच नाही, कारण सूर्य दक्षिणेला कललेला असतो. झाड हिरवंगार राहतं, एखादं फूलही येतं, पण त्या गारव्यात माशी उतरत नाही. अशा घरात बाकीचे उपाय करण्याआधी कुंड्या गच्चीवर किंवा दक्षिणेच्या बाजूला हलवा.

आणि आपण नेमकं काय बघतोय तेही पाहून घ्या. हवेत एका जागी थांबून घिरट्या घालणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, दोनच पंखांची ती फुलमाशी. ती मधमाशी नाही, पण तिला हाकलू नका, तिच्यातल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, खातात. गच्चीवर सगळ्यात आधी येणारी खरी मधमाशी बहुधा फुलोरी असते. आकाराने बारीक, पोटाचा पुढचा भाग तांबूस आणि मागे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. ती इतकी लहान असते की पुष्कळ लोक तिला मधमाशी मानतच नाहीत आणि “एकही येत नाही” म्हणून सांगतात.

फुलं आहेत, पण त्यांत खायला काय आहे?

नर्सरीत नोव्हेंबरात ज्या फुललेल्या कुंड्या रांगेने मांडलेल्या असतात, त्यांतल्या बहुतेक माणसाच्या डोळ्यांसाठी तयार केलेल्या असतात. माशीला फुलातून दोनच गोष्टी हव्या असतात: मकरंद आणि पराग. मकरंद तिचं रोजचं इंधन, आणि पराग पोळ्यातल्या अळ्यांना वाढवणारं अन्न. भरगच्च शेवंतीत आणि गोंड्यासारख्या मोठ्या झेंडूत मधल्या बारीक फुलांच्या जागी पाकळ्याच पाकळ्या झालेल्या असतात. माशी वरून चालत राहते आणि तिच्या हाती काही लागत नाही. पेटुनियाची नळी इतकी खोल की मधमाशीची जीभ तळापर्यंत पुरत नाही. फ्लॉक्स आणि डायअँथसही फुलपाखरांच्या सोयीचे. बोगनवेलीचा रंग तर फुलाचा नसतोच, ती रंगीत पानं असतात, आणि खरं फूल म्हणजे मधली बारीक पांढरी नळी.

तपासायची सोपी रीत म्हणजे फुलाच्या मध्यभागी बघायचं. पिवळी उघडी चकती दिसत असेल आणि तिच्यावर बोट फिरवल्यावर बोटाला पिवळी पूड लागत असेल, तर ते फूल चालेल. एकेरी झेंडू, एकेरी झिनिया, कॉसमॉस, एकेरी कॅलेंडुला, बारीक फुलांचं अ‍ॅलिसम ही थंडीतली शोभेची फुलं या परीक्षेत पास होतात. सूर्यफूल घेताना मात्र पाकीट वाचा. फुलदाणीसाठी काढलेल्या काही संकरित वाणांना परागच नसतो, म्हणजे टेबलक्लॉथ खराब होऊ नये म्हणून! अशी फुलं सुंदर दिसतात, पण माशीला त्यांच्याकडून पराग मिळत नाही.

शोभेची झाडं काढून टाका असं मी सांगत नाहीये. शेवंती राहू द्या. फक्त तिच्या भरवशावर माशांना बोलावू नका.

खरी गडबड: बाग आवरण्याची घाई

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि नेमकं हेच लोकांना पटत नाही. सांभाराला, म्हणजे कोथिंबिरीला, दांडा आला की आपण तो उपटून टाकतो. मुळ्याला फूल आलं की मुळा बाद, मेथी फुलली की कडू झाली म्हणून कचऱ्यात, तुळशीला मंजिऱ्या आल्या की खुडून मोकळे. भाजी म्हणून झाड जेव्हा संपतं, तेव्हाच ते माशांसाठी सुरू होतं, आणि त्याच आठवड्यात आपण कुंडी रिकामी करून त्यात नर्सरीतून आणलेला पेटुनिया लावतो.

थंडीतल्या माशांचा सगळ्यात स्वस्त चारा किराणा दुकानात मिळतो. सांभारच घ्या. घरातले धने, भाजलेले नसतील आणि फार जुने नसतील तर, तळहाताखाली हलके रगडून दोन फाका करा आणि टबमध्ये दाट पेरा. महिना-सव्वा महिना पानं खुडा. मग त्यातला एक टब तसाच सोडा. पांढऱ्या छत्र्या उमलतील. त्या जवळून बघण्यासारख्या असतात. छत्रीच्या कडेच्या फुलांना बाहेरच्या बाजूला मोठी पाकळी असते, आतली फुलं अगदी बारीक. फुलोरी एकदा उतरली की उडत नाही, त्या छत्रीवर फुलाफुलावरून पायी चालत फिरते आणि एक संपली की शेजारच्या छत्रीवर चढते. दुपारी बाराला पाच मिनिटं उभे राहिलात तर हे हमखास दिसतं. शिवाय शेवटी ताजे धनेही मिळतात.

मोहरी त्याहून भरवशाची. मसाल्याच्या डब्यातली चालते. पेरल्यापासून ४० ते ४५ दिवसांत फुलते, खालून वर अशी फुलत जाते, त्यामुळे बहर आठवडाभरात उरकत नाही. मकरंद आणि पराग दोन्ही देते. माशांच्या मागच्या पायांवर पिवळ्या गोळ्या दिसू लागल्या की समजावं, पोळ्यात अळ्या वाढवण्याचं काम सुरू आहे.

मुळ्याचे दोन-तीन कंद जमिनीतच राहू द्या. झाड कमरेइतकं वाढतं, काठी लावावी लागते, आणि पांढऱ्या-जांभळट फुलांवर सकाळपासून वर्दळ असते. नंतर येणाऱ्या डिंगऱ्यांची, म्हणजे मुळ्याच्या शेंगांची, भाजी होते, तेव्हा घरातल्यांचाही विरोध टिकत नाही.

जवस हे तर आपल्या विदर्भाचंच पीक, पण कुंडीत कोणी लावत नाही. चटणीसाठी आणलेलं, न भाजलेलं जवस ऑक्टोबरात पेरा. डिसेंबरपासून निळी फुलं येतात. ती सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडतात. म्हणून संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर जवसाची कुंडी बघणाऱ्याला वाटतं की झाड फुललंच नाही.

ओवा आणि बडीशेप ऑक्टोबरात पेरली तर ती पुढे उपयोगी पडते. बडीशेप फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळ्या छत्र्या काढते, म्हणजे मोहरी-सांभार संपल्यानंतर. मुखवासाची हिरवीगार बडीशेप पेरू नका, ती उगवेल याचा नेम नाही. पेरण्यासाठी बियाण्याच्या दुकानातून साधी आणा. कोंब आलेले कांदे नोव्हेंबरात मातीत खोचले तर जानेवारी-फेब्रुवारीत त्यांना गोल पांढरे गेंद येतात. पण कांदा हा माशांचा आवडता नाही, शेजारी मोहरी असेल तर त्या तिकडेच जातात. मेथीकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. हरभऱ्याकडून तर अजिबात नको. त्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीकरण उरकून घेतं.

तुळशीबद्दल घरोघरी वाद होतो. मंजिऱ्या खुडल्या की झाड डेरेदार होतं हे खरंच आहे. अर्ध्या खुडा, अर्ध्या ठेवा. किंवा सप्टेंबरात सब्जाच्या दोन कुंड्या वेगळ्या लावा आणि त्यांना हात लावू नका, देवाजवळची तुळस हवी तशी छाटा.

अजून एक. पंधरा प्रकारची पंधरा झाडं लावलेल्या गच्चीपेक्षा एकाच मोहरीचे पाच-सहा ग्रो बॅग शेजारी शेजारी असलेली गच्ची माशांना जास्त सोयीची. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर काम करते. एकुलती एक कुंडी तिला दुरून दिसली तरी तेवढ्यासाठी फेरी परवडत नाही.

पेरणी एकदम नको, टप्प्याने

शहराबाहेर या काळात काय चालू असतं ते लक्षात घेतलं की कुंड्यांचं वेळापत्रक आपोआप ठरतं. पावसाळ्यानंतरची रानफुलं, एकदांडी, तुंबा वगैरे, दिवाळीनंतर वाळायला लागतात. शेतातल्या तुरीचा बहर डिसेंबरात ओसरत जातो. संत्र्याच्या आंबिया बहाराला डिसेंबरात झाडांना पाण्याचा ताण दिलेला असतो, आणि ताण तोडल्यावर, म्हणजे पुन्हा पाणी दिल्यावर, जानेवारीअखेर-फेब्रुवारीत काटोल, कळमेश्वर, नरखेड, वरूडकडे बागा फुलतात. त्याच सुमारास शेवगा, आंब्याचा मोहर, मग काटेसावर आणि पळस, मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब आणि करंज. म्हणजे शहरात माशांची खरी ओढाताण साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत असते. आपल्याला भरायची आहे ती हीच फट.

म्हणून मोहरीची पहिली पेरणी नवरात्रात, दुसरी दिवाळीनंतर लगेच, तिसरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पहिलीची फुलं नोव्हेंबरच्या शेवटी येऊन माशांना पत्ता कळवतात, दुसरी नाताळापासून पुढे आणि तिसरी संक्रांतीनंतर कामाला येते. सांभाराचे टबही असेच पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने. काकडी फुलेल तेव्हा शेजारी काहीतरी आधीपासून फुललेलं असलं पाहिजे, एवढं साधलं की पुरे.

जागा असेल आणि जमीन असेल तर शेवगा लावा. थंडी उतरताना फुलतो, फुलांची भाजी होते, शेंगा मिळतात. केसाळ सुरवंटांमुळे सोसायटीत तो कापायची भाषा होते, तेव्हा शेंगांचा हंगाम संपल्यावर छाटणी करून उंची आटोक्यात ठेवणं हा मधला मार्ग. आणि पुढच्या पावसाळ्यात कुंपणाला दोन तुरीची झाडं टाका. ऑक्टोबर ते डिसेंबर त्यांच्या पिवळ्या फुलांवर भुंगे आणि गुलाबाची पानं गोल कातरून नेणाऱ्या पानकातऱ्या माशा येतात. त्यांनी गुलाबाच्या पानाला पाडलेला अर्धचंद्र हा रोग नाही, त्यावर औषध मारू नका.

औषधाचा प्रश्न

इथे मी थोडा कडक आहे. सगळं बरोबर करूनही माशा येत नसतील, किंवा कुंडीजवळ मेलेल्या सापडत असतील, तर माळ्याला विचारा की त्याने पंधरवड्यात काय फवारलं. पुष्कळदा उत्तर इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम असतं. ही औषधं झाडाच्या रसात भिनतात, तिथून मकरंदात आणि परागात उतरतात. फवारणी संपली, वास गेला, तरी फूल विषारी राहू शकतं. याच कारणाने युरोपीय संघाने २०१८ मध्ये या दोन्हींसह तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. घरच्या चार कुंड्यांसाठी त्यांची गरज नाही.

जानेवारीत दोन दिवस आभाळ आलं की मोहरीच्या शेंड्यावर मावा चढतो, हे मान्य. पाण्याचा जोराचा फवारा द्या, शेंडा बोटांनी पुसून काढा. तेवढ्याने भागलं नाही तर साबणाचं पातळ पाणी किंवा निंबोळी तेल, तेही माशा परतल्यावर, सूर्य मावळल्यानंतर, आणि उमललेल्या फुलांवर नाही. नर्सरीतून फुललेलं रोप आणलं तर पहिली फुलं खुडून टाका, आधी कशाची फवारणी झाली होती ते आपल्याला माहीत नसतं. बियाण्यावर गुलाबी किंवा निळी पूड असेल तर ते औषध लावलेलं बी. माशांसाठी पेरायला किराण्यातलं साधं बी बरं.

सगळा दोष माशांना देऊ नका

दुधी आणि दोडका यांची फुलं संध्याकाळी उमलतात. त्यांच्यावर मुख्यतः रात्रीचे पतंग काम करतात. दुधीची फळं गळतात म्हणून मोहरी पेरून काही व्हायचं नाही. त्यासाठी अंधार पडायच्या सुमाराला नर फूल तोडून, पाकळ्या मागे वळवून, मादी फुलाच्या मध्यभागी फिरवा. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, नराच्या मागे नुसता दांडा. कोहळ्याचं फूल उलट पहाटे उमलतं आणि नऊ-दहापर्यंत मिटतं. फेब्रुवारीतल्या गार सकाळी माशी निघेपर्यंत त्याची वेळ सरत आलेली असते. म्हणून सुरुवातीची कोहळी हातानेच धरवा. काकडी आणि कारलं दिवसा बराच वेळ उघडं असतं, तिथे माशांचा खरा उपयोग.

वेलीला पहिले काही दिवस नर फुलंच येत असतील तर तो दोष नाही, वेल तशीच वागते. शेणखत आणि युरिया भरभरून दिलेल्या वेलीला हे जास्तच होतं. वांग्याचा मामला आणखी वेगळा. त्याचा पराग फूल थरथरवल्याशिवाय सुटत नाही, आणि ते मधमाशीला जमत नाही. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला लटकून गुणगुणते तेव्हा तो झडतो. टोमॅटोचं फूल वाऱ्याने हललं तरी काम भागतं, बंद गॅलरीत असेल तर सकाळी दहा-अकराला झाडाला बोटाने टिचकी मारा.

माशा आल्या, आता घरात भीती

ही तक्रार आली की मला आनंदच होतो, पण ती खरी असते. फुलांवर काम करणारी माशी डिवचल्याशिवाय चावत नाही. फुलोरीचं पोळं तळहाताएवढं, एकाच फांदीला गुंडाळलेलं असतं, आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून ती फांदीवर दोन्ही बाजूंना चिकट पट्टा लावून ठेवते. ते तसंच राहू द्या. आग्या मोहोळ मात्र वेगळं. पाण्याच्या टाकीखाली किंवा सज्जाला मोठं मोहोळ लागलं तर दगड, धूर, अत्तराचा फवारा असले प्रयोग करू नका. मोहोळ काढण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला बोलवा. रात्री गच्चीवरचा मोठा दिवा बंद ठेवा. आग्या माशा उजेडाकडे ओढल्या जातात आणि सकाळी मेलेल्या दिसतात, त्यावर नंगे पाय पडले तर काटा लागतोच. माशीच्या दंशाने आधी कोणाला धाप लागली असेल, अंग सुजलं असेल, तर त्या घराने फुलांचे टब दारा-खिडकीपासून लांब ठेवावेत आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाण्याचं भांडं ठेवा, उथळ, त्यात खडे टाकून, म्हणजे माशी बुडत नाही. नागपुरात मार्च लागता लागता उकाडा सुरू होतो, तेव्हा त्यांची पाण्याची गरज एकदम वाढते. भांडं नसेल तर त्या शेजाऱ्यांच्या कूलरवर जातात आणि भांडण आपल्या दारी येतं.

जानेवारी उलटला, आता पेरून काय उपयोग?

आहे. ऊन चढू लागलं की सांभार पानं धरायच्या आधीच दांड्यावर जातो. भाजीवाल्याला तो तोटा, आपल्याला हवं तेच. आता पेरलेला मार्चमध्ये फुलेल. सूर्यफूल साधारण दोन महिने घेतं, तेही चालेल. आणि संक्रांतीचे तीळ उरले असतील तर ते बघा. पॉलिश केलेले, साल काढलेले पांढरे तीळ उगवणार नाहीत, सालीसकटचे पांढरे किंवा काळे उगवतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला उन्हातल्या टबमध्ये पातळ पेरा, पाणी बेताचं द्या, मुळाशी साचू देऊ नका, कारण आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि तीळ लगेच मान टाकतो. निम्मी वाळू आणि शेणखत मिसळलेली माती घ्या. ३५ ते ४५ दिवसांत फिकट जांभळट फुलं येतात, काकडी नेमकी तेव्हाच भरात असते. टब वेलीच्या मांडवाला लागूनच ठेवा.